काचेवरचं कुंकू

२७ ऑगस्ट १९९८, गुरुवार

चेअरमनसाहेब अभ्यासदौऱ्यासाठी सिंगापूरला गेले होते. तिथे ऊस होत नाही, हे बहुतेक त्यांना विमानातून उतरल्यावर कळलं. मग बिचाऱ्यांनी दुकानांचा अभ्यास केला. आज सकाळी आम्हा भांडारातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून त्या अभ्यासाचा निकाल ऐकवला. तिकडे म्हणे दुकानातली बाई किंमत वाचत नाही, बिल लिहीत नाही. वस्तू यंत्रापुढे धरते, यंत्र पीप करतं आणि बिल छापून बाहेर पडतं. कुणी कुणाशी बोलत नाही. "एवढी शांतता, एवढी शांतता, की विचारू नका," साहेब म्हणाले. शांतताच हवी होती तर आमच्या कब्रस्तानात एक फेरी मारायची, परदेशी कशाला जायचं?

तर हे यंत्र आता आमच्या साखर कारखान्याच्या कामगार भांडारात येणार. बारकोड म्हणतात त्याला. साहेबांची गाडी गेल्यावर आमचे व्यवस्थापक गोरक्षनाथ मला बाजूला घेऊन म्हणाले, "एस्तेरबाई, दिवाळीपातुर दोन्ही काउंटर चालवायचे. यंत्र नीट चाललं, की तुमी मागं लेबलाच्या खोलीत. खुर्ची हाय, पंखा हाय, कुनाची कटकट न्हाई."

कटकट नाही म्हणे! माझा नवरा एलिया गेल्यावर कारखान्याने मला त्याच्या जागी हा काउंटर दिला, त्याला आता बारा वर्षं होतील. घरात मी एकटी, मुलगा सॅम पुण्याला त्याच्या संसारात. दिवसभरात माझ्याशी जे काही बोलणं होतं ते या फळीच्या पलीकडून होतं. लेबलाच्या खोलीत मी कोणाशी बोलू, उंदरांशी?

३ सप्टेंबर

यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर एक मुलगी आली. यशोधरा. राहुरीची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, काडीसारखी. यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी उभी पेटी, पुढून काच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. एवढ्याशा डबड्यासाठी माझी जागा जाणार याचा आणखी राग आला.

मुलगी मला समजावायला आली. साबणाच्या वेष्टनावरच्या काळ्या रेघा दाखवल्या, काही जाड, काही बारीक. काचेतून तांबडा उजेड येतो, तो रेघांवर पडतो, आणि यंत्राला कळतं की हा साबण आहे. मी म्हटलं, "मला उजेड न पाडताही कळतं की हा साबण आहे." तर ती हसली. मी हसवायला बोलले नव्हते.

डाळ, शेंगदाणे, रवा, ज्याला वेष्टनच नाही, त्याच्या पिशव्या भरून त्यांवर रेघांची लेबलं चिकटवायची. तेच पुढे माझं काम. यंत्र लगेच सुरू होणार होतं, पण मध्ये पितृपक्ष येतो, म्हणून गोरक्षनाथांनी घटस्थापनेचा मुहूर्त काढला. सिंगापूरचं यंत्र आमच्या पितरांसाठी थांबलं आहे.

९ सप्टेंबर

कडूबाईची माधुरी आज भांडारात आली. कडूबाई माझी शेजारीण, तिचा नवरा बॉयलरवर आहे. माधुरीला मी परकरात असल्यापासून ओळखते. दोन वर्षांमागे तिला खर्ड्याला दिली. आज डोक्यावरून पदर, नजर खाली, आणि टोपलीत एकच डबा, लहान मुलांच्या दुधाच्या पावडरचा.

माझी एक पद्धत आहे. प्रत्येक वस्तूचं नाव मी मोठ्याने घेते आणि मग लिहिते, म्हणजे गिऱ्हाइकालाही कळतं काय लिहिलं ते आणि मागच्यांचीही करमणूक होते. म्हटलं, "बाळाची पावडर, एक! अगं माधुरी, तू कधी आलीस? बाळाला घेऊन आलीस? नवरा कुठाय? आणि पावडर का, अंगावर दूध नाही का? मुक्काम किती दिवस?" मागे रांगेत सहादेव उभा होता, उसाच्या गाडीअड्ड्यावरचा, तो खर्ड्याचाच. मी त्यालाही म्हटलं, "बघ, तुमच्या गावची सून." माधुरीने पदर आणखी पुढे ओढला. बिल घेतलं आणि गेली. लग्न झालं की मुली शिष्ट होतात.

१२ सप्टेंबर

काल संध्याकाळी कडूबाईच्या दारात जीप येऊन उभी राहिली. माधुरीचा नवरा, दीर, आणखी दोघे. पोरगं द्या नाहीतर बाई द्या, म्हणून आरडाओरडा. नवऱ्याच्या माराला कंटाळून माधुरी बाळ घेऊन गुपचूप निघून आली होती, हे तेव्हा आम्हाला कळलं. कडूबाईच्या नवऱ्याने कुऱ्हाड काढली, कॉलनीतले बाप्ये गोळा झाले, तेव्हा कुठे जीप फिरली. पुन्हा येऊ म्हणून सांगून गेलेत.

ती इथे आहे ही बातमी खर्ड्यापर्यंत कोणी पोचवली कोण जाणे. या कॉलनीत लोकांच्या पोटात काही राहत नाही.

आज भाजी घेऊन कडूबाईकडे गेले. आत हालचाल ऐकू येत होती, पण तिने कडी काढली नाही. दुःखात माणूस असं वागतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. थोडं घेतलं.

२१ सप्टेंबर, घटस्थापना

यंत्र सुरू झालं. दिवसभर पीप, पीप, पीप. माझं डोकं उठलं. अख्खी कॉलनी बघायला लोटली होती. पोरं एकच बिस्किटाचा पुडा दहादा यंत्रापुढे धरायला लावत होती आणि ती मुलगी हसून धरत होती. माझ्या काउंटरवर एक म्हातारबाबा आले, तेही पलीकडे गर्दी आहे म्हणून.

नवी नवलाई आहे. आठवड्यात उतरेल.

२६ सप्टेंबर

उतरली नाही. बायका यंत्राच्या रांगेत अर्धा अर्धा तास उभ्या राहतात, माझ्यासमोर जागा रिकामी असताना. बनुबाई, जी रोज सकाळी माझ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायची नाही, ती आज माझ्या डोळ्याला डोळा न देता तिकडे गेली. मी मान लांब करून बघितलं, तिच्या टोपलीत केसांचा कलप होता. या वयात! इकडे आली असती तर दोघी हसलो असतो.

दुसरी एक, नाव लिहीत नाही, तिने बायकांच्या वापरायच्या वस्तूचा पुडा घेतला आणि यशोधराने तो वर्तमानपत्रात गुंडाळून, काही न बोलता, पिशवीत सरकवला. आमच्या इथे असल्या वस्तू वर्षात दोनदा खपायच्या. आता मागवायला लागतात. लोकांना यंत्राची चटक लागली की काय काय विकत घ्यावंसं वाटतं बघा.

कडूबाईही त्याच रांगेत असते. बाळाची पावडर नेते. माझ्याकडे पाठ करून उभी राहते.

एक गोष्ट मात्र खरी, ती मुलगी दुपारी डबा खाताना मला विचारते, "बाई, लोणचं घेता?" मी घेत नाही.

३० सप्टेंबर, खंडेनवमी

कारखान्यात आज अवजारांची पूजा. चेअरमनसाहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनीसाहेब, दरवर्षी भांडारात येतात. मी ख्रिस्ती, त्यामुळे मी मागच्या भिंतीला उभी राहते, नारळ फुटला की पेढा हातात घेते आणि शेजारच्या पोरांना देते. यंदा बघते तर भिंतीला माझ्या शेजारी यशोधरा. तीही पुढे गेली नव्हती. बौद्ध आहे. मला तिची सोबत बरी वाटली आणि बरी वाटली म्हणून चीडही आली.

वहिनीसाहेबांनी तराजूला हळदकुंकू लावलं, गल्ल्याला लावलं, बाहेर जाऊन टेम्पोला लावलं. यंत्रापाशी मात्र अडल्या. "ह्याचं तोंड कुठलं?"

गोरक्षनाथांनी काच दाखवली. "हे, इकडून बघतं ते."

कुंकू त्यांनी तेलात कालवून आणलं होतं, टिकावं म्हणून. पाची बोटं बुडवून काचेवर असा काही मळवट भरला की काच दिसेनाशी झाली. वर अक्षता चिकटवल्या. यशोधरा पुढे होऊन म्हणाली, "मॅडम, काचेवर नको, बाजूला लावा." गोरक्षनाथांनी तिच्याकडे असं बघितलं, की पोरगी पुन्हा भिंतीला येऊन टेकली. मग आरती, पेढे. झेंडूचा हार यंत्राच्या गळ्यात. माझ्या फळीला कोणी एक फूल वाहिलं नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

प्रभू मोठा आहे! यंत्र बंद पडलं.

दसऱ्याच्या सुटीनंतर आज भांडार उघडलं, तर वस्तू पुढे धरा, मागे घ्या, तिरकी करा, काही नाही. पीप नाही की काही नाही. तांबडा उजेड म्हणे रेघांवर पडतच नाही. गोरक्षनाथांनी पेटीला दोन थापट्या मारल्या, जशा रेडिओला मारतात. पुण्याच्या एजन्सीला फोन केला. त्यांचा माणूस दिवाळीनंतर येणार.

घरी येताना मी जिलबी घेतली.

६ ऑक्टोबर

तीन दिवस यशोधरा रेघांखालचे आकडे हाताने टायपून बिलं करत होती. चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर गेलेल्या बिलात साबुदाण्याच्या जागी उंदीर मारायचं औषध छापून आलं. वहिनीसाहेबांचा उपास होता. गोरक्षनाथांना बंगल्यावर बोलावणं आलं, आणि परत आल्यावर त्यांनी यंत्रावर पोतं टाकलं. आता एकच काउंटर, माझा. नावं मोठ्याने घेताना आज माझा आवाज पार दारापर्यंत जात होता.

९ ऑक्टोबर

दुपारी यशोधरा माझ्यासमोर येऊन बसली. डबा उघडला नाही.

"बाई, यंत्र बिघडलेलं नाही. काचेवर तेलकट कुंकू आहे, त्यातून उजेड बाहेर पडत नाही. पुसलं की चालेल."

मला इतकं हसू आलं, की पाण्याचा ठसका लागला. सिंगापूर काय, कॉम्प्युटर काय, आणि अडलं कशावर तर कुंकवावर!

"मग पूस ना," मी म्हटलं.

"गोरक्षनाथसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, 'वहिनीसाहेबांनी लावल्यालं कुंकू पुसायचं? माज्या घरात बायको हाय, मी हात लावनार न्हाई. अन् तू तर लावूच नको. तुमच्या लोकांनी पूजंचं कुंकू पुसलं, अशी बोंब हुईल.' एजन्सीवाले फोनवर म्हणतात यंत्रात दोष नाही, चालवणारीत असेल. दिवाळीनंतर मला येऊ नको सांगितलंय." मग म्हणाली, "तुम्ही वहिनीसाहेबांशी बोलाल का? तुम्ही बोलायला कुणाला घाबरत नाही."

हे मात्र तिने खरं ओळखलं. पण मी का बोलू? तिचं यंत्र चाललं तर मी लेबलाच्या खोलीत. म्हटलं, "हे बघ, कुंकू तुझ्या धर्मातलं नाही आणि माझ्याही नाही. आपण दोघींनी कशाला मध्ये पडायचं?" ती उठली. डबा तसाच घेऊन गेली.

वाईट वाटलं का? वाटलं. पण तिचं वय काय, माझं काय. तिला दुसरी जागा मिळेल.

१३ ऑक्टोबर

दिवाळीचा माल भरला आहे. रवा, मैदा, डालडा, उटणं, पणत्या. काउंटरला मी झेंडूची माळ लावली. बोनसही झाला. पण गर्दी म्हणावी तशी नाही. बाप्येच येतात, चिठ्ठी दाखवतात, सामान उचलतात. त्यांच्याशी काय बोलणार?

माधुरी आली होती. किती दिवसांनी बाहेर पडली असेल, रंग पार उतरला आहे. दारापाशी थांबून तिने पोतं टाकलेल्या यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. डबा घेऊन माझ्यापर्यंत आली. मी काही वाईट बोलले नाही. "अगं, अजून इथेच का? मिटलं नाही का तुमचं?" एवढंच म्हटलं. काळजीने म्हटलं. तिने डबा फळीवर ठेवला आणि तशीच निघून गेली. पैसे कमी पडले असतील. मागितले असते तर मी दिले असते.

१५ ऑक्टोबर

आज कळलं ते असं. कॉलनीतल्या बायकांनी जीप ठरवली आणि दिवाळीचं सामान आणायला राहुरीला गेल्या. भांडार दारात असताना, इथे स्वस्त मिळत असताना, भाडं भरून! बनुबाई होती, कडूबाई होती, झाडून सगळ्या होत्या. मी भांडाराच्या पायरीवर उभी राहून जीप जाताना बघितली. आत गाणी चालली होती. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. यंत्राने एकदा चटक लावली की साधं दुकान नजरेला येत नाही, दुसरं काय.

संध्याकाळी गोरक्षनाथ म्हणाले, "बाई, साहेब वैतागल्यात. यंत्र पाडव्यानंतर वापस धाडतो. काउंटर तुमचाच. जिंकला तुमी." मी मान हलवली. रिकाम्या भांडारात हे ऐकताना मजा यायला पाहिजे होती तेवढी आली नाही.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी कडूबाई आली. कडी न काढलेल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर. म्हणाली, "पावडरीचा डबा द्या. अन् नाव घेऊ नका मोठ्यानं."

म्हटलं, "कडूबाई, माझी पद्धत तुला माहीत आहे. आणि तुझ्या पोरीने परवा डबा टाकून..."

"पोरगी रडत आली घरी." तिने पदर कमरेला खोचला. "बाई, तुमी लई इचारता. त्या दिशी तुमी समद्यांदेखत इचारलं, नवरा कुठाय, मुक्काम किती. सहादेव मागं हुता. दोन दिसांत जीप आली. बाळ न्ह्यायला आल्ते माजं, बाळ! तवापून ती पोर दारात उबी न्हाई राहत. तुमच्यामुळं."

"मी काय खर्ड्याला तार केली? सहादेवला जाऊन विचार."

"इचारलं. म्हनला, भांडारात ऐकलं, म्हून सांगितलं."

मागे दोनचार बाप्ये होते, ते आपापल्या पायांकडे बघत होते. मी म्हटलं, "मी कधी कोणाचं वाईट चिंतलं का? सगळ्यांची विचारपूस करते ती मायेनेच ना?"

"मायेनं करत असाल. आमाला नगं हाय." तिने डबा उचलला. "आमी समद्याजनी त्या मशीनवर का जात हुतो, तुमाला वाटतं कौतिक म्हून? त्येला तोंड न्हाई म्हून. ते बंद पडलं तवा आमी राहुरीला गेलो. आता हे सांगितलं, झालं."

पैसे मोजून ठेवले आणि गेली.

मी काय मुद्दाम केलं? माणसांनी माणसांशी बोलू नये का? एलिया मेला तेव्हा याच बायकांनी मला प्रश्न विचारून विचारून जिवंत ठेवलं, जेवलीस का, झोपलीस का, म्हणून. आता विचारलं तर दोष. कृतघ्न आहेत सगळ्या. राग येतो आहे. राग नसेल तर काय आहे ते मला सांगता येत नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार

केलं.

दुपारी बारा वाजता, पगाराच्या शनिवारची गर्दी असताना, मी काउंटर सोडून उठले. स्टोव्हचं रॉकेल बोळ्यावर घेतलं. यंत्रावरचं पोतं ओढून बाजूला टाकलं. यशोधरा धावत आली, "बाई, नका, तुमच्यावर येईल." मी तिला कोपराने सारलं आणि काच घासायला लागले. कुंकू वाळून पापुद्रा झाला होता. बोळा लाल झाला, हात लाल झाला.

गोरक्षनाथ ओरडले, "बाई! दिवाळीच्या तोंडावर कुंकू पुसता व्हय? पाप लागंल!"

"मी विधवा, वर ख्रिस्ती. मला अजून काय लागायचं राहिलंय?"

काच स्वच्छ झाली. माझ्या फळीवरून पावडरचा एक डबा आणला आणि यंत्रापुढे धरला. पीप. तो आवाज फारच मोठा वाटला. मला त्याचा पहिल्या दिवसाइतकाच तिटकारा आला.

कोणी मला भली बाई वगैरे म्हणू नये, म्हणून इथे लिहून ठेवते. मी हे त्या पोरीसाठी केलं नाही आणि कडूबाईसाठी तर मुळीच नाही. ज्या काउंटरवर बायका नाइलाज म्हणून येणार, तो काउंटर मला नको. बस्स.

२४ ऑक्टोबर

बंगल्यावर बोलावणं आलं. व्हरांड्यात उभी ठेवली. वहिनीसाहेब म्हणाल्या, "बाई, आमच्या सौभाग्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"सौभाग्य तुमच्या कपाळावर आहे वहिनीसाहेब, काचेवर कुठे होतं?"

हे बोलायला नको होतं, पण बोलले. साहेब आतून ऐकत होते, त्यांनी खोकला काढला. निकाल असा, की आजपासून मी लेबलाच्या खोलीत, आणि गिऱ्हाईक असताना पुढे यायचं नाही. माझी फळी सुताराने काढून नेली.

यशोधराची नोकरी टिकली. आभार मानायला आली होती. मी तिला म्हटलं, मला काम आहे. काही काम नव्हतं.

१९ नोव्हेंबर

लेबलं. तूरडाळ, लेबल. हरभराडाळ, लेबल. पंखा आहे, पण या दिवसांत त्याचा काय उपयोग. भिंतीपलीकडून पीप ऐकू येतं, माणसाचा आवाज येत नाही.

आज चिडून पन्नासेक पिशव्यांना लेबलं उलटी लावली. यशोधराने येऊन सांगितलं की यंत्राला उलटंही वाचता येतं. बोलायला जागाच ठेवलेली नाही मेल्याने.

माधुरी आता भांडारात येते. रोज येते म्हणे, बाळाला कडेवर घेऊन. गोरक्षनाथ तिला पिशव्या भरायला ठेवून घेणार आहेत. हे मला उडत उडत कळलं, मी विचारलं नव्हतं.

२३ डिसेंबर, बुधवार

काल ऑफिसच्या फोनवर सॅमचा निरोप आला. यंदाही जमत नाही. नाताळ मुंबईला, सासुरवाडीत.

गेल्या वर्षीही जमलं नव्हतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही. पण तेव्हा भांडार बंद झाल्यावर माझं बिल मीच करत होते, त्यामुळे मी किती मैदा घेतला आणि घेतला की नाही, हे मला आणि प्रभूलाच माहीत. कॉलनीत सांगायचे, सॅम रात्रीच्या गाडीने आला आणि पहाटेच्या गाडीने गेला. कोणी खोदून विचारलं नाही. विचारणारी मीच होते ना.

आता रांगेत उभं राहावं लागतं. टोपलीत पावशेर रवा, थोडी साखर, मेणबत्त्यांचा एक लहान पुडा. नाताळाला ख्रिस्ती बाईच्या टोपलीत एवढंच. दुसऱ्या कोणाची अशी टोपली माझ्या फळीवर आली असती, तर मी काय म्हटलं असतं ते मला शब्दन् शब्द माहीत आहे. माझ्या मागे कडूबाई उभी होती. हे मला उशिरा दिसलं, नाहीतर मी परत फिरले असते.

यशोधराने रवा धरला, पीप. साखर, पीप. मेणबत्त्या, पीप. तिने टोपलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिशवी पुढे केली. "बिल, बाई." आणखी काही नाही.

मी पिशवी उचलायला वळले तेव्हा कडूबाई आत बघत होती. बघितलंच तिने. मी उत्तर तयार ठेवलं होतं, बाकीचं सामान सॅम पुण्याहून आणतोय, त्याच्या बायकोला इथलं आवडत नाही. अगदी जिभेवर होतं. कडूबाईने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि मान वर करून पंख्याकडे बघत राहिली. पंखा बंद होता. ती बघतच राहिली, मी बाजूला होईपर्यंत.

दारापर्यंत मी हळूहळू चालले. पायरीवर थांबून उगीच पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. मागे यंत्र तिचं सामान वाचत होतं. कोणी विचारलं असतं, तर आज मी खरं सांगितलं असतं.